बोलल्याने मन हलके होते?

मोठ्या अपघाताच्या ठिकाणाहून अग्निशामक दलाची गाडी परत येते. पाइप वाळत घातले जातात, टाकी पुन्हा भरली जाते, यंत्रे तपासली जातात. जवानांनी तेथे काय पाहिले याची चौकशी मात्र होतेच असे नाही. आमच्या प्रयोगशाळेत एकदा द्रावकाने पेट घेतला, तेव्हा नुकसानीचा तक्ता त्याच दिवशी तयार झाला. आग विझवणाऱ्या परिचराला कोणी काही विचारले नाही. आम्हीही नाही.

ही उणीव अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांना जाणवली. त्यांनी स्वतः अग्निशामक दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केले होते. १९८३ साली त्यांनी एक पद्धत मांडली. मोहिमेवरून परतलेल्या सैनिकाकडून माहिती काढून घेण्याला लष्करात 'डीब्रीफिंग' म्हणतात. तोच शब्द त्यांनी उचलला. घटनेनंतर साधारण २४ ते ७२ तासांत सर्व पथकाने एकत्र बसायचे. काय घडले, मनात कोणते विचार आले, सर्वांत वाईट काय वाटले, आता कोणता त्रास होतो, अशा सात पायऱ्यांनी बैठक पुढे न्यायची.

पद्धत झपाट्याने पसरली. दरोड्यानंतर बँकांत, रुग्णालयांत, पोलिसांत, शाळांतही अशा बैठका होऊ लागल्या. काही ठिकाणी हजेरी सक्तीची झाली. उपस्थितांपैकी पुष्कळजण सांगत, बरे वाटले.

येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थोडे थांबावे. औषध घेतले तर सर्दी सात दिवसांत जाते, न घेतले तर आठवडा लागतो, हे आपण सारेच गमतीने म्हणतो. मानसिक आघातातूनही बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत आपोआप सावरतात. मग बैठकीचे श्रेय किती? बैठक न झालेल्यांशी तुलना केल्याशिवाय ते कळणार कसे? ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ बेव्हर्ली राफेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाच प्रश्न विचारला.

१९९७ साली वेल्समधील जोनाथन बिसन व सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भाजलेल्या १३३ रुग्णांची यदृच्छेने विभागणी करून काहींचे डीब्रीफिंग केले, काहींचे केले नाही. तेरा महिन्यांनी आघातोत्तर ताणाचा विकार पहिल्या गटात २६ टक्के, तर दुसऱ्या गटात ९ टक्के लोकांत आढळला! आकडा धक्कादायक खरा, पण तो जपून वाचावा लागतो. पहिल्या गटातील रुग्ण मुळातच अधिक भाजलेले होते. तथापि पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावरही एकदाच केलेल्या डीब्रीफिंगने हा विकार टळतो असे दिसले नाही. २००५ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ते सरसकट करू नये असा सल्ला दिला. जखम ताजी असताना तपशील पुन्हा उगाळल्याने आठवण अधिक पक्की होत असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मिचेल यांच्या बाजूने एक आक्षेप उरतो, आणि आम्हाला तो रास्त वाटतो. त्यांची पद्धत एकत्र काम करणाऱ्या पथकांसाठी होती, खाटेवरच्या एकट्या रुग्णासाठी नव्हे. पथकांवरची चाचणी बऱ्याच उशिरा झाली. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील ६७ स्वयंसेवक अग्निशामकांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. सामूहिक बैठकीनंतर त्यांचे मद्यपान तुलनेने कमी राहिले, जीवनमानही काहीसे चांगले आढळले. आघातोत्तर ताणात मात्र फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, हेही ध्यानात घ्यावे.

दरम्यान २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. ती साध्या गोष्टी सांगते: सुरक्षित जागी न्यावे, पाणी-अन्न-निवारा पाहावा, जवळच्या माणसांशी गाठ घालून द्यावी, ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे, पण कोणाला बोलते करण्याचा आग्रह धरू नये. 'नाइस'च्या २००५ च्या सल्ल्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती कोणत्याही मुख्याध्यापकाला करता येण्याजोगी आहे: सौम्य त्रास असलेल्या माणसावर लगेच उपचार न लादता लक्ष ठेवावे, आणि महिन्याच्या आत त्याची पुन्हा चौकशी करावी.