ट्राम टळली, समुद्र राहिला

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशातल्या चाव्या आधी बाहेर ठेवल्या. लोखंडाचा विटाळ इथे खराच पाळावा लागतो. बांधकामाला काळा दगड टाळून चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला, तोही त्यासाठीच.

मुळात ही वेधशाळा पळून आलेली. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेनं नोंदी बिघडणार हे दिसू लागलं आणि संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबाग गाठलं. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी जोडीनं नोंदी घेतल्या, म्हणजे साखळी तुटू नये. १९०७ साली ट्राम धावली तेव्हा उपकरणं सुरक्षित होती. पण त्यांच्या शेजारी अरबी समुद्र होता, आणि वीज त्यातही वाहते.

आकाशात, आयनांबर आणि त्यापलीकडच्या प्रवाहांमुळे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत हलत असतं. त्या हालचालीनं जमिनीत आणि पाण्यात वीज उत्पन्न होते. खाऱ्या पाण्याची रोधकता जेमतेम पाव ओहम-मीटर, कातळाची शेकडो-हजारो. म्हणून प्रवाह समुद्रात दाटतो, किनाऱ्याच्या कडेनं धावतो आणि जमिनीवरच्या उपकरणाला उभ्या दिशेचा झटका देतो.

याचा छडा लावला ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ पार्किन्सन यांनी. १९५९ आणि १९६२ च्या निबंधांत त्यांनी दाखवलं, की किनाऱ्याजवळ क्षेत्राचे चढउतार एका कललेल्या प्रतलातच होतात. त्या कलावरून काढलेले बाण खोल समुद्राकडे तोंड करतात. त्यांना आजही पार्किन्सनचे बाण म्हणतात.

हे सगळं वाचून मी जमिनीखालच्या खडकांची रोधकता मोजायला देवगडच्या सड्यावर गेलो होतो, तरी फसलो. जांभ्यात पहारीनं चर खणून कॉइल पुरल्या, इलेक्ट्रोडची भांडी ओल्या चिखलात बसवली, चारी दिशांना वायरी ताणल्या. एक गुराखी रोज यायचा आणि विचारायचा, "पाणी गावला काय हो?" मी हसायचो. आलेखात किनाऱ्याला काटकोनातली रोधकता वर चढलेली, समांतर दिशेची खाली बसलेली, आणि बाण सगळे पश्चिमेला. मी खुशीत पश्चिमेकडे वीजवाहक खडकाचा जाड थर रेखाटला. माझ्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "यात समुद्र कुठाय?" पाणी गावलं होतं, पण ते अरबी समुद्राचं!

दूर गेलं की सुटका, हाही भ्रमच. १०० सेकंद आवर्तनाच्या लहरी १,००० ओहम-मीटरच्या खडकात सुमारे १६० किलोमीटर खोल शिरतात आणि आडव्याही तितक्याच दूरचं पाहतात. घाट चढून देशावर गेलात तरी लांब आवर्तनांत समुद्र मागे येतोच.

ट्रामपासून पळता आलं, कारण तिचे रूळ माणसानं टाकले होते. समुद्रापासून पळायचं नसतं, त्याला हिशेबात धरायचं असतं. त्याची खोली आणि खारेपणा मोजता येतो, ही आपली सोय. म्हणून नव्या पोरांना एवढंच सांगतो: जमिनीखालचं प्रतिमान मांडताना आधी किनारा आणि समुद्राची खोली भरा, खडक मग.