कुंपणावरच्या गप्पा आणि नागपूरच्या बागांचा इतिहास

नागपूरच्या बागांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी साधने कमी नाहीत. भोसल्यांच्या काळातली महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडीची बाग. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर राजधानी झाल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये उठलेले बंगले आणि त्यांची आवारे. १९०६ साली सुरू झालेले कृषी महाविद्यालय. या सगळ्यांची नोंद दफ्तरांत, गॅझेटियरांत आणि अहवालांत सापडते. मात्र ज्या बागा शहराच्या बहुसंख्य घरांनी प्रत्यक्ष लावल्या, त्यांची नोंद कुठेच नाही. प्लॉटच्या मागच्या चार हात जागेतला गोडनिंब, फाटकाजवळची जास्वंद, कूलरच्या जुन्या टाक्यात लावलेला पुदिना यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो बोलला गेला, आणि बोलणे संपले की विरून गेला.

प्रस्तुत लेखाचा विषय हे बोलणे आहे. दक्षिण नागपुरात वर्धा मार्गाच्या बाजूने जाणाऱ्या लोहमार्गापलीकडे मनीषनगर नावाची वस्ती आहे. सोमलवाडा आणि बेसा या जुन्या गावांची नावे तिच्या शेजारी अजून टिकून आहेत. अशा वस्तीत दोन घरांमधल्या भिंतीला ‘वॉल कंपाऊंड’ म्हणतात, आणि सकाळी पाणी घालण्याच्या वेळी या कंपाऊंडच्या दोन्ही बाजूंना उभे राहून जे बोलले जाते, त्याला कोणी ज्ञान म्हणत नाही. त्या गप्पा असतात. आमचे म्हणणे असे की, शहराच्या उद्यानपरंपरेचा मोठा भाग या गप्पांनीच वाहून आणला आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे एक बोली-प्रकार म्हणून पाहिले पाहिजे.

आधी लिखित परंपरेकडे पाहू. राजाची बाग ही वैभवाची आणि कृपेची खूण होती. नागपूरची संत्री भोसल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून आणवली, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे जे फळ पुढे शहराची ओळख झाले आणि ज्याला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याची कथाही राजवाड्यापासून सुरू होते. इंग्रजी अमलात बागेचे ज्ञान पुस्तकात आले. फर्मिंजर यांची बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी लिहिलेली मार्गदर्शिका १८६० च्या दशकातली; पुण्याच्या गणेशखिंड बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनीही हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले. या ग्रंथांचा वाचक इंग्रज बंगलेवाला होता. हुकूम देणारा तो, आणि मातीत हात घालणारा माळी. माळ्याला जे ठाऊक होते त्यातले बरेचसे पुस्तकात आले. माळी मात्र लेखक म्हणून आला नाही.

याच्या शेजारी दुसरी, फार जुनी परंपरा होती. पूर्व विदर्भात घरामागच्या कुंपण घातलेल्या जागेला ‘सांदवाडी’ म्हणतात. पुण्याकडचा परसू तो हाच. पावसाळ्याच्या तोंडाशी सांदवाडीत बरबटी, दोडके, कोहळे यांचे वेल चढवायचे, मोरीच्या पाण्यावर धोपा वाढवायचा, कडेला मुनगा आणि जाम लावायचा, ही घरातल्या बाईची व्यवस्था. बी डब्यात राखेत ठेवायचे आणि मृगाआधी शेजारणीला त्यातले मूठभर द्यायचे, हा तिचा व्यवहार. संत सावता माळ्याने तेराव्या शतकात भाजीच्या वाफ्यातच आपला देव पाहिला, हे आपण अभ्यासक्रमात शिकतो आणि त्यातले रूपक उलगडतो. पण वाफा हा रूपक होण्याआधी वाफा असतो, हे विसरून चालणार नाही.

सांदवाडीतून ‘ले-आऊट’मध्ये येण्याचा प्रवास हा नागपूरच्या विसाव्या शतकाचा प्रवास आहे. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. त्याने आखलेल्या अभिन्यासांबरोबर शहराच्या कडेच्या शेतांवर खासगी ले-आऊटही पडत गेले. नोकरदार माणसे भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून दीड-दोन हजार चौरस फुटांचा प्लॉट घेत, आणि तो ‘नियमित’ होण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत. २००१ चा गुंठेवारी कायदा अशाच वसाहतींसाठी आला. या वस्त्यांत माणसे वर्ध्याहून, भंडाऱ्याहून, चंद्रपूर-यवतमाळहून आणि मध्य प्रदेशातूनही आली. शेजार हा रक्ताचा किंवा गावाचा राहिला नाही. तो प्लॉट क्रमांकाचा झाला. अनोळखी माणसाशी बोलण्याला निमित्त लागते. ते झाडाने पुरवले.

मातीनेही पुरवले. वऱ्हाड-नागपूरच्या महसुली दफ्तरांत जमिनीचे काळी, मोरांड, खरडी, बरडी असे वर्ग आढळतात. काळी जमीन पिकाला उत्तम, घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घर बांधताना तीवर मुरुमाचा भराव घालतात, आणि मग त्या मुरुमात मोगरा लागत नाही म्हणून काळी माती विकत आणतात. शेत बुजवून उभारलेल्या अंगणात शेतातलीच माती ट्रॉलीने परत येते. ‘माती कुठून आणली, जी?’ हा या वस्त्यांतल्या पहिल्या ओळखीचा स्वाभाविक प्रश्न होय.

आता या गप्पांचे रूप पाहू. त्यांचे पहिले लक्षण म्हणजे झाडाबरोबर देणाऱ्याचे नाव येते. रोपवाटिकेतून आणलेल्या गुलाबाला जातीचे नाव असते. शेजारून आलेल्या फांदीला माणसाचे. ‘हा मोगरा कोपऱ्यावरच्या आजींचा’ असे म्हटले जाते, आणि आजी गेल्यावरही तो आजींचाच राहतो. अंगण ही नात्यांची वही असते आणि गप्पा हे तिचे वाचन. याला जोडून समजुती येतात. मनी प्लांट मागून आणू नये, चोरून आणावा, तरच फळतो. अमक्या वहिनींच्या हाताला गुण आहे, त्यांनी लावलेली फांदी जगतेच. चोरीची ही समजूत हसण्यावारी नेण्याजोगी खरी, परंतु ती देणाऱ्याचा भार हलका करते आणि घेणाऱ्याचा संकोच मिटवते. फांदी कमी झालेली दिसते, कोणी काही बोलत नाही, आणि दोघांनाही कळलेले असते.

दुसरे लक्षण तक्रारीचे. या बोलण्यात आपल्या बागेची थेट स्तुती अशिष्ट मानतात. म्हणून अभिमानही तक्रारीचा वेष घेऊन येतो. ‘कळ्या तर येऊन राहिल्या, पण उमलायच्या आधीच गळून राहिल्या,’ या नागपुरी वाक्यात ‘येऊन राहिल्या’वरचा जोर ऐकणाऱ्याला बरोबर समजतो. उत्तरादाखल उपाय येतो: निंबोळी पेंड घाला, पाणी कमी करा, जानेवारीअखेर छाटणी झाली होती का? उपाय सांगणारा हक्काने सांगतो, ऐकणारा ‘करून पाहते’ म्हणतो. केले की नाही याचा हिशेब पुढच्या आठवड्यात होतो. ज्ञान असे तुकड्यातुकड्याने, पडताळत पुढे जाते.

तिसरे लक्षण शब्दांचे. एकाच भिंतीशी गोडनिंब आणि कढीपत्ता, सांबार आणि कोथिंबीर, भेदरं आणि टमाटर, जाम आणि पेरू भेटतात. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या संत्रापट्ट्यातल्या नातेवाइकांमुळे बागायतदाराची परिभाषाही अंगणात शिरते. फळबागेला पाणी तोडून मग बहर धरायचा, याला शेतकरी ‘ताण देणे’ म्हणतो. आंबिया बहर, मृग बहर हे त्याचे शब्द. कुंडीतल्या एकुलत्या लिंबालाही येथे ‘ताण’ दिला जातो. हे केवळ शब्दाचे उसने घेणे नव्हे; शब्दाबरोबर कृती येते आणि लिंबू खरोखर बहरतो. बोलीचा अभ्यास म्हणजे उच्चारांची यादी अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा ‘ताण’ तपासून पाहावा.

आणि चौथे लक्षण कालगणनेचे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्याला महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची दृष्टी मिळाली. ती एका विदग्ध, एकट्या निरीक्षकाची दृष्टी आहे. अंगणातले ऋतुचक्र अनेकांनी मिळून पाहिलेले असते, आणि त्याच्या खुणा वेगळ्या असतात. मे महिन्याच्या शेवटी येणारा ‘नवतपा’ हे नऊ दिवस झाडे वाचवण्याचे असतात. हिरवी जाळी कधी बांधायची, कूलरमधले उरलेले पाणी कोणाला घालायचे, हे तेव्हा ठरते. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. जुलै २०१९ मध्ये पावसाळ्यात जलाशय कोरडे पडून महापालिकेला दिवसाआड पाणी द्यावे लागले. वेधशाळेच्या वहीत हे आकडे आहेत. कोणती झाडे त्यातून वाचली आणि काय केल्याने वाचली, हे मात्र गप्पांतच आहे.

गप्पांना ज्ञानव्यवहाराची प्रतिष्ठा देण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारला. शेतकऱ्याने, गच्चीवर भाजी पिकवणाऱ्याने आपापल्या जागी प्रयोग करावा, तो इतरांना सांगावा, आणि एकमेकांच्या बोलण्यातूनच सर्वांचे शिक्षण व्हावे, हा त्यामागचा विचार. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात तो आला आहे. पदवी असलेला सांगणार आणि नसलेला ऐकणार, ही उतरंड त्यांनी मोडली. मनीषनगरच्या भिंतीवरचे बोलणे अर्थातच इतके सजग नाही. त्याला नाव नाही, उद्दिष्ट नाही. पण पडताळा, देवाणघेवाण आणि बरोबरीचे नाते ही त्याची हाडे तीच आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या गप्पांचे गौरवीकरण करणे सोपे आहे, आणि ते खोटे ठरेल. त्यांतही मौने आहेत. ज्या शेतावर ले-आऊट पडला ते कोणाचे होते, त्यात काय पिकत होते, शेत विकल्यावर त्या घरातली माणसे कुठे गेली, हा विषय भिंतीवर क्वचितच निघतो. आठवड्यातून एकदा येऊन आळी करून जाणारा माळी आणि अंगण झाडणारी बाई यांना बागेची माहिती पुष्कळदा मालकाहून अधिक असते. त्यांचे वाक्य मात्र ‘माळी म्हणत होता’ या तृतीय पुरुषात येते. वुड्रोंच्या काळचा माळी पुस्तकाबाहेर राहिला, आजचा गप्पांच्या कडेला राहतो. कोणाच्या घरची फांदी कोण मागते आणि कोण मागत नाही, यातही जुन्या भिंती दिसतात. वॉल कंपाऊंड जोडते, तसे ते कंपाऊंडही असते.

तरीही हा प्रश्न आज तातडीचा का, ते सांगून थांबतो. मार्च २०१९ मध्ये वर्धा मार्गावरून मेट्रो धावू लागली; मिहान प्रकल्पाने दक्षिणेकडच्या जमिनीचे मोल आधीच वाढवले होते. एकमजली घरे पाडून त्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहतात. वाहनतळासाठी फरशी घातली की चार हात माती जाते, आणि तिच्याबरोबर भिंतीशी उभे राहण्याचे निमित्त जाते. गप्पा संपल्या असे नाही. त्या मोबाइलवरच्या समूहांत गेल्या. तिथे फुलाचे छायाचित्र येते, फांदी येत नाही. सल्ला बंगळुरूहून किंवा कोकणातून येतो, आणि ४७ अंशांच्या नवतप्यात तो उपयोगी पडत नाही. उन्हाळे अधिक कडक होत असताना, याच मातीत आणि याच उन्हात पडताळलेले ज्ञान आपण गमावत आहोत. हे हळहळीचे कारण नाही. हा व्यवहाराचा तोटा आहे.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा जाती घराघरांतून हद्दपार होत आली होती. थोडा उशीर झाला होता, पण फार नव्हे. अंगणाच्या गप्पांना ओवीसारखा छंद नाही, म्हणून त्या टिपणे अधिक कठीण आहे. तरी मराठी विभागांतल्या विद्यार्थ्यांनी एकेका ले-आऊटची दहा घरे घेतली, प्रत्येक झाडाचे घरातले नाव, ते कोणाकडून आले, कोणत्या साली, कोणत्या उन्हाळ्यातून कसे वाचले, हे बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवले, आणि माळ्यालाही त्याच वहीत प्रथम पुरुषी वाक्य दिले, तर महाराजबागेच्या इतिहासाशेजारी ठेवण्याजोगे काही हाती येईल. ज्या घरांच्या फाटकावर अजून ‘विकणे आहे’ची पाटी लागलेली नाही, त्यांच्यापासून आरंभ करावा.