स्वाराचा हात

घोडा स्वाराला फेंकून देतो तेव्हां स्वाराच्या मनांत पहिला विचार येतो तो घोड्याच्या दोषाचा. घोडा हट्टी आहे, बुजरा आहे, त्याचें तोंड कठीण आहे, अशी यादी तत्काळ तयार होते. आपला हात कठीण होता कीं काय, हा प्रश्न मनाला बहुधा शिवतच नाहीं. आणि मग चाबूक आपोआप वर जातो. ही खोड फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक सेनानीनें अश्वारोहणावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. रागाच्या भरांत घोड्याच्या वाटेस जाऊं नये, कारण रागाला पुढचें दिसत नाहीं आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येते, असें त्यानें त्यांत स्वारास बजावून ठेविलें आहे. हें बजावावें लागलें, यावरूनच त्या काळचे स्वार काय करीत असतील तें ध्यानांत येतें.

झेनोफनचा उपदेश सर्वांनीं मानला असें मात्र झालें नाहीं. १५५० सालीं नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने यानें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अडेल घोडें चालतें करण्यासाठीं काठीच्या टोंकास मांजर बांधून तें त्याच्या मागल्या पायांशीं न्यावें, असले उपाय आहेत. पुढें फ्रान्सच्या तेराव्या लुईचा अश्वगुरु प्लुव्हिनेल यानें सामाचा मार्ग पत्करला, आणि अठराव्या शतकांत ला गेरिनिएर यानें त्या मार्गाला शास्त्राचें रूप दिलें. तथापि स्वारानें स्वतःस तपासून पाहण्याची खरी कसोटी लागली ती एकोणिसाव्या शतकांत, आणि तीही अशा माणसाची, कीं ज्याला तिची कांहींच गरज नव्हती.

फ्रांस्वा बोशे हा १७९६ सालीं व्हर्साय येथें जन्मला. तो ना उमराव, ना सरदार. ल हाव्र आणि रूआँ या गांवांत घोडेस्वारीच्या शाळा चालवून १८३४ मध्यें तो पॅरिसला आला, आणि सर्कशीच्या रिंगणांत त्यानें नांव काढलें. पार्तिझाँ नांवाचा त्याचा घोडा आवरण्यास अशक्य म्हणून बदनाम झालेला होता. तोच घोडा बोशेच्या मांडीखालीं जागच्या जागीं ठेका धरी, प्रत्येक उडीला दौडीचा पाय बदली, आणि स्वार मात्र जणूं कांहीं करीतच नाहीं असें पाहणारांस वाटे. १८४२ सालीं त्याचा पद्धतिग्रंथ निघाला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या, आणि फ्रेंच घोडदळानेंही त्याची पद्धत करून पाहिली.

त्या वेळचें त्याचें तत्त्व मोठें करडें होतें. घोड्याची स्वतःची उपजत शक्ति नाहींशी करावयाची आणि तिच्या जागीं स्वारानें दिलेली शक्ति आणावयाची! त्यासाठीं घोड्यास उभें करून त्याचा जबडा व मान वांकविण्याचे व्यायाम. आणि स्वार वर बसला कीं टाच व लगाम यांचा एकाच वेळीं दाब. घोडा या दोहोंच्या कैचींत सांपडला कीं मुकाट्यानें शरण येई. बोशेचे विरोधक म्हणत, कीं अशा घोड्याची पुढें जाण्याची हौसच मरते. त्यांचा अग्रणी काउंट द'ओर हा व्हर्सायच्या जुन्या राजशाळेंत तयार झालेला, मोकळ्या मैदानांत बेधडक दौडणारा स्वार होता. पॅरिसमध्यें दोन तट पडले. राजपुत्र नमूरचें वजन बोशेच्या विरुद्ध पडलें, घोडदळानें त्याची पद्धत टाकून दिली, आणि १८४७ मध्यें सोम्यूरच्या लष्करी अश्वशाळेचें प्रमुखपद द'ओरला मिळालें. द'ओरचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. लढाईंतला घोडा मागें वळून धन्याच्या आज्ञेची वाट पाहूं लागला तर तो कामाचा नाहीं. पण वादांत सांपडलेल्या माणसाला प्रतिपक्षाचें खरें म्हणणें ऐकूं येत नाहीं, आणि बोशे तर त्या वेळीं कीर्तीच्या शिखरावर होता.

१८५५ सालीं पॅरिसच्या सर्कशींत छताचें मोठें झुंबर कोसळून त्याच्या अंगावर पडलें. जीव वांचला, पण पायांस जबर दुखापत झाली. साठीला टेकलेला हा स्वार पुन्हां लोकांपुढें घोड्यावर दिसला नाहीं. ज्या टाचेच्या दाबावर त्याची सारी पद्धत उभी होती ती टाचच लंगडी पडली. दुसरा कोणी जुन्या यशाच्या आठवणी सांगत बसला असता. बोशे खासगींत घोडे शिकवीत राहिला, आणि आपलाच ग्रंथ दुरुस्त करूं लागला.

१८६४ च्या बाराव्या आवृत्तींत त्यानें जो नवा नियम दिला तो जुन्याच्या नेमका उलट होता: हात चालेल तेव्हां टाच नाहीं, टाच चालेल तेव्हां हात नाहीं. दोन्ही एकदम चालले म्हणजे घोड्याला ‘चल’ आणि ‘थांब’ अशा दोन आज्ञा एकाच क्षणीं मिळतात. मग तो गोंधळला तर दोष कोणाचा? शिवाय एका वेळीं एकच साधन वापरणाऱ्या स्वाराला आपली चूक लपवितां येत नाहीं. हातांत जडपणा आला तर तोही कसला आहे हें त्यानें ओळखावयाचें. घोडा आपला भार हातावर टाकीत असेल तर हात क्षणभर वर उचलून सोडावयाचा; स्नायु ताठ करून झगडत असेल तर लगामाला बोटांनीं हलका कंप द्यावयाचा. दोन्ही ठिकाणीं ओढणें वर्ज्य. पूर्वीच्या बोशेनें घोड्याला प्रश्न विचारला नव्हता. या बोशेला तो प्रत्येक पावलाला विचारावा लागे. पाय निकामी झाले म्हणूनच त्याला हें सुचलें, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्यही असेल. पण पाय अनेकांचे निकामी होतात.

त्याच्या शिष्यांत लोत नांवाचा एक अधिकारी होता. तो बोशेपाशीं शिकला आणि सोम्यूरला द'ओरपाशींही शिकला; दोन वैऱ्यांचा एक शिष्य! पुढें तोच सोम्यूरचा प्रमुख अश्वगुरु व सेनापति झाला. शांत, पुढें, सरळ, या तीन शब्दांत त्यानें आपलें शास्त्र सांठविलें. बोशेचें सूक्ष्म शिक्षण त्यानें आपल्या खासगी घोड्यांपुरतें राखलें, आणि शिपायांस द'ओरची साधी, मोकळी स्वारी शिकविली. कोणती विद्या कोणाला पेलेल, हें ओळखण्यासही विनय लागतो.

१८७३ सालीं बोशे मरणशय्येवर असतां लोत त्याच्या भेटीस गेला. ती हकीकत लोतच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत आहे. म्हाताऱ्यानें शिष्याचा हात हातीं घेतला, लगाम धरतांना असावा तसा तो ठेविला, आणि स्थिर दाबून, हें नेहमीं लक्षांत ठेव म्हणून सांगितलें. मग तोच हात शिष्याच्या छातीकडे ओढला, आणि म्हणाला कीं हें मात्र कधींच नाहीं.