बुऱ्हाणपूरची विणकरी

तापी नदीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर हे नगर दक्षिणेचे द्वार म्हणून इतिहासात विख्यात आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी घराण्यातील नासिरखानाने ते वसविले व खुल्दाबादचे सत्पुरुष शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्यास दिले. १६०१ मध्ये अकबराने असिरगड घेतला आणि हे मोगलांचे दक्षिणेतील प्रमुख ठाणे झाले. सुभेदारांची व सेनापतींची नावे इतिहासकारांनी नोंदून ठेविली. परंतु ज्यांच्या हातांनी या नगरास देशोदेशी कीर्ती मिळवून दिली, त्या विणकरांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

१६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून येथे आला, तेव्हा दुष्काळाने सारा मुलूख उजाड झाला होता व वाटोवाट प्रेते पडली होती. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १६४१ मध्ये, फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथे उतरला. येथील तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान व कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहिले आहे. सोन्यारुप्याच्या पट्ट्यांच्या ओढण्यांचाही त्याने उल्लेख केला आहे. एवढ्या संहारातूनही विद्या टिकली, कारण ती जिवंत राहिलेल्या हातांत होती.

या वस्त्रांचा प्राण म्हणजे जर. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून तिची तार ओढीत. कोणी ती चपटी करी, तर कोणी रेशमावर गुंडाळी. धातू शुद्ध राहावा म्हणून तो सरकारी देखरेखीखालील टांकसाळीत वितळविण्यात येई. एकाने हिणकस काम केले तर सर्वांची पत जाई.

१७६० मध्ये हे नगर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजांच्या अमलाखाली आले. दरबार ओसरले, तशी भरजरी वस्त्रांची मागणी घटली. विलायती गिरण्यांच्या स्वस्त कापडाने उरलेला बाजार व्यापला. १९०६ मध्ये येथेच ताप्ती मिल उभी राहिली. आज गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. कापड अजून विणले जाते, विणकरांची वस्तीही आहे. परंतु हातमागावरील धोट्याची लय व बोटांनी सूत पारखण्याची दृष्टी यंत्राबरोबर येत नाही.

संत कबीर स्वतः विणकर होते. ‘बीजक’ ग्रंथावर १८३७ मध्ये ‘त्रिज्या’ ही टीका लिहिणारे पूरणसाहेब यांची परंपरा याच नगरातील, हा योग भाविकांस विशेष वाटेल. ताणा-बाणा जुळविताना चित्त ढळले की धागा तुटतो. म्हणूनच या कामास साधनेची योग्यता आली. जुने माग, फण्या, धोटे, वस्त्रांचे नमुने आणि वृद्ध कारागिरांच्या तोंडचे शब्द वेळीच एकत्र करून एखाद्या संग्रहालयात ठेवणे अगत्याचे आहे. नमुने पेटीत टिकतील. हातची विद्या मात्र शिकणारा पुढे आला तरच टिकेल. ग्रंथांचे व परंपरेचे जतन करणाऱ्या भाविकांस हे निराळे सांगावयास नको.