ओ म्हणजे शून्य नव्हे



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने रक्तावर बोलावे हा अधिकारातिक्रम आहे, याची मला जाणीव आहे. पण ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, आणि मी निवडलेल्या विषयाच्या मुळाशी एका अक्षराचा प्रश्न आहे. तेवढ्याच आधारावर हे धाडस.

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे ए, बी आणि सी असे तीन गट सांगितले. ज्याच्या तांबड्या पेशींवर ए हे द्रव्य नाही आणि बीही नाही, तो तिसरा गट पुढे ‘ओ’ म्हणून ओळखला जाऊ लागला. जर्मन भाषेत ‘ओने’ म्हणजे ‘विना’. त्याचे हे आद्याक्षर असल्याचे सांगतात. आपल्या पेशींवर जे द्रव्य नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आपल्या सीरममध्ये सज्ज असतात. ओ पेशींवर काही नाहीच, तर परक्या शरीराने हल्ला करावा कशावर? म्हणून ओ गटाचा माणूस सर्वांना चालणारा दाता ठरला. (आरएचचा विचार येथे बाजूला ठेवला आहे.)

या समजुतीला मुंबईत तडा गेला. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया, आणि लंडनचे रेस, रूथ सँगर, मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे त्यांचे सहलेखक. मुंबईत आढळलेल्या तीन व्यक्तींच्या रक्ताची ती हकीकत होती. त्यांच्या पेशींवर ए नव्हते, बी नव्हते. म्हणजे नेहमीच्या हिशेबाने त्या ओ. परंतु त्यांच्या सीरममध्ये ए आणि बी पेशींचे पुंजके होत, तसेच ओ पेशींचेही होत. काहीच नसलेल्या पेशींवर हे सीरम कशासाठी तुटून पडत होते?

उत्तर असे की ओ पेशी रिकामी नसतेच. तिच्यावर ‘एच’ नावाचे द्रव्य असते आणि ते ओ गटातच सर्वांत विपुल असते. एच हे जोते. ए आणि बी हे त्यावरचे मजले. ज्यांचे जोतेच घातलेले नाही, त्यांच्या पेशींवर ए-बीची जनुके असूनही काही चढत नाही, आणि त्यांच्या शरीराला एच परके वाटते. अर्धशतक ज्याला आपण ‘विना’ म्हणत होतो, त्याच्यापाशी काय आहे हे ते नसणाऱ्यांच्या रक्तानेच इतके उघड करून दाखविले. भाषेच्या विद्यार्थ्याला हे विलक्षण वाटते. नाव देताना आपण आपले अज्ञानही त्यात कोंबून ठेवतो.

हा केवळ नावाचा घोळ नव्हता. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांच्यापुढे एक स्त्री आली. तिचा गट ओ, आणि मुलीचा एबी. १९२४ साली बर्नस्टाइन यांनी मांडलेल्या आनुवंशिकतेच्या नियमाप्रमाणे हे अशक्यच. मातृत्वावरच संशय यावा! प्रत्यक्षात बीचे जनुक आईकडे होते, केवळ तिच्या पेशींवर ते उमटले नव्हते. लेकीच्या रक्तात ते प्रकट झाले.

सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते, म्हणून नात्यात होणाऱ्या लग्नांत ही शक्यता वाढते. मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत आपल्या अनेक घराण्यांत होती, हे येथे निराळे सांगायला नको. भारतातील नोंदींपैकी बहुसंख्य महाराष्ट्रातील आहेत. त्याखालोखाल कर्नाटकाचे नाव येते आणि गोव्याचेही येते. सीमेवरून आपण कितीही भांडलो तरी हे जनुक दोन्ही बाजूंना नांदते. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक असे प्रमाण सांगतात; युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास. शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, रक्तगट मात्र जगभर ‘बॉम्बे’च राहिला.

हा आजार नव्हे. असा माणूस निरोगी जगतो. प्रश्न उभा राहतो तो अपघातात, बाळंतपणात, शस्त्रक्रियेच्या मेजावर. त्याला ओ रक्त दिले तर त्याची प्रतिकारशक्ती त्या पेशी फोडून टाकते आणि जीव जाऊ शकतो. त्याला त्याच्याच गटाचे रक्त हवे. म्हणून अशा दात्यांच्या याद्या ठेवल्या जातात, भावंडांची तपासणी होते आणि एकेक पिशवी दूरच्या शहरातून मागवावी लागते. डॉ. भाटिया पुढे मुंबईतील रक्तगटशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक झाले.

रोजच्या तपासणीत सीरम ए आणि बी पेशींशी लावतात. तेथे साधा ओ आणि बॉम्बे अगदी सारखे दिसतात. ओ पेशींची तिसरी नळी लावली तरच भेद कळतो, किंवा मग दात्याचे रक्त जुळवून पाहताना. माझ्या कार्डावर गेली चाळीस वर्षे ओ लिहिलेले आहे. या व्याख्यानाची तयारी करताना मी रक्तपेढीत जाऊन ती तिसरी नळी लावून घेतली. तेथील मुलीने नळी उजेडाकडे धरली, हलविली आणि म्हणाली, “सर, पुंजके नाहीत. तुम्ही साधे ओच.”