हिरवाईची मठमाता

उत्पत्तीच्या पहिल्या तीन अध्यायांत सत्तेची भाषा दोनदा येते. पहिल्या अध्यायात परमेश्वर स्त्री व पुरुष या दोघांच्याही हाती सृष्टी सोपवतो. तिसऱ्या अध्यायात पुरुष स्त्रीवर स्वामित्व गाजवील असे म्हटले आहे. परंतु ते पापाचे फळ म्हणून, देवाची मूळ योजना म्हणून नव्हे. हा भेद आपण ख्रिस्ती लोक अनेकदा विसरलो. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारसरणीला निसर्गाच्या ऱ्हासाबद्दल जबाबदार धरले. ज्या दृष्टीने भूमीला दासी केले, त्याच दृष्टीने स्त्रीलाही दासी केले, अशी भर पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी घातली. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र आपल्याच परंपरेत, बाराव्या शतकात, एका धर्मभगिनीने या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करून ठेवला होता, हेही विसरता कामा नये.

संत हिल्डेगार्ड हिचा जन्म १०९८ साली जर्मनीच्या ऱ्हाईन प्रदेशातील एका सरदार घराण्यात झाला. डिसिबोडेनबर्ग येथील पुरुषांच्या मठालगत, युट्टा नावाच्या तपस्विनीच्या सहवासात ती वाढली. ११३६ साली युट्टा निवर्तल्यावर भगिनींनी तिला आपली प्रमुख निवडले. ११४१ पासून ती आपली दर्शने लिहू लागली. ट्रीअरच्या धर्मसभेच्या वेळी (११४७-४८) पोप तिसरे युजीन यांनी तिच्या लेखनाला उत्तेजन दिले. पुढे मठाधिपतींचा विरोध सोसून तिने बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्ग येथे भगिनींचा स्वतंत्र मठ उभारला. ग्रंथ, पत्रे, सत्तराहून अधिक भक्तिगीते आणि दोनशेहून अधिक वनस्पतींचे गुणधर्म सांगणारे लेखन एवढी तिची ज्ञानसंपदा आहे.

तिच्या विचाराचा गाभा एका लॅटिन शब्दात सापडतो: विरिदितास, म्हणजे हिरवाई. झाडाच्या खोडातून चढणारा रस, निरोगी देहातील चैतन्य, आत्म्यात वावरणारी देवाची कृपा, मरियामातेच्या उदरी फुललेले जीवन, हे सारे तिला एकाच हिरवाईचे आविष्कार वाटत. पाप म्हणजे शुष्कता. तिच्या एका दर्शनात पंचमहाभूतांसारखी मूलतत्त्वे देवाकडे गाऱ्हाणे मांडतात, की मानवाने आपल्या दुष्कृत्यांनी आम्हांला उलथेपालथे केले असून आम्हांला दुर्गंधी सुटली आहे. आपल्या नद्या-खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हीच दृष्टी ती स्त्री-पुरुष नात्याकडे वळवते. दोघे परस्परांसाठी निर्माण झाले, एकाच्या अस्तित्वाशिवाय दुसऱ्याचे अस्तित्व नाही, असे ती मांडते. पुरुष देवपुत्राच्या ईश्वरत्वाचे, तर स्त्री त्याच्या मानवत्वाचे प्रतीक आहे, असेही ती लिहिते. म्हणजे ज्या देहाने प्रभूने आपल्याला तारले, त्या देहाशी ती स्त्रीचे नाते जोडते.

तिला आधुनिक सुधारक ठरवण्याची घाई मात्र आपण करू नये. आपल्या मठात ती केवळ कुलीन कन्यांना प्रवेश देई, आणि त्याबद्दल तिच्याच काळातील एका मठप्रमुख स्त्रीने तिला जाब विचारला होता. ती स्वतःला नेहमी दुबळी अबला म्हणवून घेई. तरीही हीच अबला ट्रीअर व कोलोन येथे जाऊन धर्मगुरूंना त्यांच्या आळसाबद्दल खडे बोल सुनावत असे.

तिची खरी कसोटी ११७८ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात लागली. एकदा बहिष्कृत झालेल्या एका सरदाराला तिने मठाच्या भूमीत पुरू दिले. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून काढण्याची आज्ञा केली. मृत्यूपूर्वी त्याचा ख्रिस्तसभेशी समेट झाला होता, असे सांगून तिने ते नाकारले. शिक्षा म्हणून मठातील प्रार्थनागायन बंद झाले, ख्रिस्तशरीरही मिळेना. तिने बंदी पाळली, परंतु कबर उकरली नाही. आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांपैकी एकही तिने सोडले नाही. गायन हा आदामाच्या निष्पाप वाणीचा अवशेष आहे. पुरेसा विचार न करता देवाची स्तुती बंद पाडणाऱ्यांना देवदूतांच्या गायनात वाटा मिळणार नाही, असे तिने धर्माधिकाऱ्यांना पत्राने कळवले. ११७९ च्या मार्चमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती प्रभूघरी गेली. केवळ सहा महिने तिला पुन्हा गाता आले.

७ ऑक्टोबर २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. हा मान मिळालेली ती चौथी स्त्री. तिच्या मृत्यूला तोवर ८३३ वर्षे लोटली होती.

एक धर्मगुरू या नात्याने ही कथा मला अस्वस्थ करते, कारण ज्यांनी तिचे गाणे थांबवले ते माझ्यासारखेच दीक्षित होते. आपल्या धर्मग्रामांत मंदिर झाडणारे, वेदी फुलांनी सजवणारे, गायनवृंद सांभाळणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. निर्णय घेताना त्यांचा आवाज किती ऐकला जातो, हे प्रत्येक धर्मग्रामाने आणि त्याआधी त्याच्या धर्मगुरूने स्वतःला विचारावे. विहीर आटली तर कुणीही सांगते की वाडी सुकणार. आवाज दाबला गेला तर मात्र सुकते काय, ते आपल्याला चटकन दिसत नाही. हिल्डेगार्डला ते दिसले होते.