मानोऱ्यात मेपल कशाला?

बोन्सायच्या हौशी मंडळींत दोन मते घट्ट बसली आहेत. क्लम्प बोन्साय, म्हणजे एकाच बुडातून पाच-सात खोडे उठलेले झाड, करायचे तर मेपलचेच. आणि वेगवेगळी रोपे एकत्र बांधून केलेला क्लम्प खरा नव्हे, ती नुसती मोळी. मला दोन्ही मते अमान्य आहेत.

मेपलचे गुण मी नाकारत नाही. पान नाजूक, फांद्या बारीक फुटतात, कोवळी साल पातळ असल्याने खोडे लवकर चिकटतात. पण जपानी मेपलच्या बीला रुजण्याआधी दोन ते चार महिने ओला गारठा लागतो. तो फ्रिजमध्ये देता येईल, रोपही उगवेल. पुढे काय? या झाडाला दर हिवाळ्यात लांब विश्रांती हवी. वाशीम-मानोऱ्याकडची थंडी पहाटे बोचते आणि दुपारी ओसरते, तेवढ्याने त्याचे भागत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पानांच्या कडा करपू लागतात. हिमालयात मेपलच्या देशी जाती आहेत, तिथे त्यांनी खुशाल वाढावे. मानोऱ्यात त्यांचा हट्ट म्हणजे दरवर्षी बी विकत घेणे आणि दरवर्षी रोप गमावणे.

इथे मात्र विहिरीच्या चिऱ्यांत, पडक्या भिंतींत पाखरांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर आपोआप उगवतात. बांधकामाला धोका म्हणून आपण ते उपटून फेकतो. वडाची मुळे एकमेकांना भिडली की एकजीव होतात. दुसऱ्या झाडावर वाढलेल्या वडाने विणलेली मुळांची जाळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. क्लम्पला नेमका हाच गुण लागतो.

आता मोळीचा आक्षेप. विदर्भातला कलमी संत्रा घ्या. खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. दोन वेगळ्या जातींची ही झाडे जोडून एक झाली, तरी त्या बागेला कोणी खोटी म्हणत नाही. सालीखालचा वाढता थर एकमेकांत मिसळला आणि पुढचे लाकूड सलग धरले, की झाड एकच. मग एकाच जातीच्या पाच रोपांना हा न्याय का नाकारायचा?

कृती साधी आहे. जुन्या सीडीचे मधले छिद्र १५ मिलिमीटरचे असते. पेन्सिलीहून बारीक अशी पाच रोपे त्यातून ओवायची, सीडीच्या लगेच वर कापडी पट्टीने आवळायची आणि मृगाचा पाऊस पडला की लावायची. नुसती काळी माती नको, ती पाणी धरते. मुरूम आणि विटेचा चुरा भरपूर मिसळावा. खोडे जाड होऊ लागली की छिद्र त्यांना आवळते, पानांकडून खाली येणारे अन्न तिथे अडते, बुड फुगते आणि सीडीच्या वरच नवी मुळे फुटून चौफेर पसरतात.

एक आक्षेप मात्र मी मानतो. बियांची रोपे सारखी नसतात. एकाला पालवी आधी येते, दुसऱ्याला उशिरा, आणि क्लम्प ठिगळ लावल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच झाडाच्या छाटकलमा. नांदरूक त्यासाठी उत्तम: फांदी सहज मूळ धरते, पानही लहान. पिंपळाचे पान छाटून-छाटून लहान करावे लागते, तरी फाल्गुन-चैत्रातल्या त्याच्या तांबूस पालवीपुढे मला मेपलच्या लालीची उणीव भासत नाही.

मोळी म्हणणाऱ्यांनी पाहिलेले क्लम्प बहुधा घाईने उथळ ट्रेमध्ये बसवलेले असावेत. उथळ ट्रेमध्ये वाढ मंदावते आणि खोडे चिकटण्याआधीच थांबतात. आधी काही वर्षे ती जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळी वाढू द्यावी लागतात, आणि ट्रे त्यानंतर.